खिळ्यावरची किल्ली

पत्र येऊन चार दिवस झाले होते. चारही दिवस ते स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीला टेकून उभं होतं. घरातला प्रत्येक जण मीठ घेताना त्याला बोट लागणार नाही अशा बेताने घेत होता. रविवारी दुपारी जेवणं उरकली, तसं थोरल्याने उठून ते खाली काढलं आणि टेबलावर आपटलं.

"वाचा, मास्तरीणबाई. पुन्हा एकदा. सगळ्यांसमोर."

धाकटी सून मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा डावा हात लेकीच्या फ्रॉकच्या आत, बरगड्यांवर होता. हात तिथे गेला आहे हे आताशा तिचं तिलाही कळत नसे. गेल्या हिवाळ्यात लेकीला धाप लागायला लागली, तेव्हापासून तिला तिचे श्वास मोजायचा नाद लागला होता. मिनिटाला तीसच्या आत म्हणजे ठीक. चाळीसच्या पुढे गेलं की आपल्या चपला कुठे आहेत ते आठवून ठेवायचं. आता सव्वीस होते. तिने उजव्या हाताने पत्र उलगडलं.

तिने कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. कॉलेज पूर्ण केलेली या घरात ती एकटी, म्हणून सासरी आल्यापासून घरातली सगळी पत्रं, नोटिसा आणि फॉर्म तिच्याकडे येत. 'मास्तरीणबाई' हे त्याचंच बक्षीस. थोरला खुशीत असला की ते लाडाचं असे. आज ते तसं नव्हतं.

"'प्रिय ग्राहक,'" तिने वाचायला घेतलं.

"प्रिय म्हणे," नणंद भांडी विसळता विसळता म्हणाली. "प्रिय म्हणून गळा दाबायचा."

"'आपल्या वाहनाचा विमा सोमवारी, दिनांक अठ्ठावीस रोजी मध्यरात्री संपत आहे. नूतनीकरणाच्या वेळी आपल्या जोखमीचा फेरआढावा घेण्यात आला. आपल्या वाहनाचा ताबा अनियंत्रित असल्याचे आढळून आल्याने पुढील वर्षाचा हप्ता खालीलप्रमाणे...'"

तिने आकडा मोठ्याने वाचला नाही. सगळ्यांना तो पाठ होता. गेल्या वर्षीच्या दुपटीहून वर. थोरल्याचा खाणीतला दोन महिन्यांचा पगार.

"अनियंत्रित," थोरला म्हणाला. दगडाच्या भुकटीने त्याच्या पापण्यासुद्धा कायमच्या करड्या झाल्या होत्या. रागावला की डोळे तेवढे लाल दिसत. "अनियंत्रित म्हणजे काय? मी मोकाट सुटलेलं जनावर आहे?"

"तुला नाही म्हणालेत, दादा. गाडीला म्हणालेत," धाकटा म्हणाला. तो दूध संकलन केंद्रावर कामाला होता, पहाटे चारला सायकलने जाई. गाडीवाचून ज्याचं अडत नसे असा घरात तो एकटाच, त्यामुळे त्याच्या बोलण्याला आज कवडीचीही किंमत नव्हती.

"गाडी काय स्वतः पळत सुटली का? तेरा वर्षांत एक ओरखडा नाही. एक दमडी मागितली नाही त्यांच्याकडे. भरतोय, भरतोय, नुसतं भरतोय!"

ओरखडा म्हटल्याबरोबर नणंदेच्या हातातली ताटली दुसऱ्या ताटलीवर जरा जोरात बसली. सुनेने ते ऐकलं.

आई, म्हणजे सासूबाई, दाराजवळच्या स्टुलावर बसून जुन्या स्वेटरची लोकर उसवत होत्या. त्यांच्या डोक्यावर, चौकटीच्या बाजूला भिंतीत तो खिळा होता. त्याला किल्ली लटकत होती.

गाडी आली त्या दिवशी सासऱ्यांनी तो ठोकला. गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, काही जण तर त्यांचं खरं नाव विसरून गेले होते. मोडीत निघालेल्या दोन गाड्यांतून त्यांनी ही एक उभी केली. धड एकीचं, इंजिन दुसरीचं. हिरवी गाडी, मागचा डावा दरवाजा तेवढा पांढरा. खिळा ठोकून झाल्यावर त्यांनी घरातल्यांना एकच नियम सांगितला होता: ज्याची गरज मोठी, त्याने किल्ली घ्यायची. विचारायचं नाही, सांगायचं नाही, परत आलं की खिळ्यावर टांगायची. तेरा वर्षांत या घरात जमिनीवरून भांडणं झाली, थोरल्याच्या बायकोने गेल्या वर्षी घर सोडलं तेव्हा ताटं उडाली, पण किल्लीवरून कधी आवाज चढला नव्हता.

"सांगितलं कोणी त्यांना?" थोरल्याने टेबलावर बोट ठोकलं. "माझा प्रश्न एवढाच आहे. ताबा अनियंत्रित आहे हे त्यांना स्वप्नात दिसलं का? घरातलंच कोणीतरी बोललंय. फॉर्म कोण भरतं?"

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं.

*

थोरल्याला स्वतःच्या आवाजाची भीती वाटत होती, म्हणून तो आणखी मोठ्याने बोलत होता.

गेल्या पावणेदोन वर्षांपासून तो खाणीवरच्या दोघांना गाडीतून नेत होता. एक क्रशरवरचा, एक सुरुंगवाला. पहाटे साडेपाचला ते फाट्यावर उभे असत. एसटीची फेरी दिवसातून एकदाच, तीही दहाला. खाणीचा भोंगा सहाला. दोघं मिळून आठवड्याला एकदा टाकी भरून देत. भाडं नव्हतं ते. पण त्या पत्रवाल्यांना समजावणार कोण? चार दिवस त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: कोणीतरी पाहिलं. फाट्यावरच्या त्या नव्या कॅमेऱ्याने पाहिलं. हे आपल्यामुळे झालं.

आणि आता मास्तरीणबाई लेकीला छातीशी धरून खाली बघत होती, म्हणजे तिच्याही मनात काहीतरी होतं. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा राग आला.

"बोला की. काय लिहिलंत फॉर्मवर?"

"जे विचारलं ते," ती म्हणाली. "घरापासून डांबरी रस्ता किती लांब, ते विचारलं होतं. मी लिहिलं, तीन किलोमीटर कच्चा."

"बघा! कच्चा लिहायची काय गरज होती?"

"कच्चा आहे म्हणून लिहिलं, भाऊजी."

"शिकलेल्या माणसाला खरं लिहायची फार हौस असते. डांबर टाकायला कोणी येत नाही, पण कच्चा आहे म्हणून पैसे घ्यायला बरोबर येतात!"

"दादा, तिच्यावर कशाला..." धाकटा म्हणाला.

"तू गप रे. तुझी सायकल अनियंत्रित आहे का? नाही ना? मग गप."

आई लोकर गुंडाळत म्हणाल्या, "उगाच वाद नको. मोबाइलवर गाडी चालवणाऱ्यांची नावं कमी केली की पैसे कमी होतात ना? पोरी, मग तुझं नाव कमी कर. तू काही रोज कामाला जात नाहीस."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, जणू वाळत घातलेलं एक फडकं आत आण म्हणत होत्या.

"बरोबर आहे," थोरला म्हणाला. "मला खाणीवर जायचंय. ताईला संध्याकाळी वृद्धाश्रमात जायचंय. वीस किलोमीटर चालत जाईल का ती? बाबांची तर गाडीच आहे. राहिलं कोण?"

नणंद हात पुसत वळली. वृद्धाश्रमात ती चार ते बाराची पाळी करायची. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवून वळवून तिच्या मनगटांना पट्ट्या लागल्या होत्या. तिच्याही पोटात काहीतरी होतं: आश्रमाच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती, गुपचूप रंग लावून आणला होता, फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाहिलं होतं. भाऊ तिचं नाव वाचवत होता. तिने ती संधी सोडली नाही.

"वहिनी, तसं बघायला गेलं तर..." ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. तेवढं पुरलं.

*

सुनेने मुलीला धाकट्याच्या मांडीवर दिलं. रिकामा झालेला हात तिने टेबलावर सपाट ठेवला.

"काढते," ती म्हणाली. "मोबाइल द्या. बघू माझं नाव किती महाग आहे ते."

तिने कंपनीचं पान उघडलं. ओळीने नावं होती, प्रत्येकासमोर बरोबरची खूण, खाली लाल अक्षरात हप्ता. तिने आपल्या नावासमोरची खूण काढली. आकडा एकदा लुकलुकला आणि थांबला. तिने मोबाइल सगळ्यांसमोर धरला.

दोन वेळच्या डिझेलइतका फरक पडला होता.

"एवढंच?" आई म्हणाल्या.

"एवढीच आहे मी," सून म्हणाली. "एवढ्यासाठी मला काढायचं?"

"थेंबे थेंबे..." थोरल्याने सुरुवात केली.

"थांबा, भाऊजी. मी बोलते." तिचा आवाज चढला नव्हता, पण धाकट्याने मान वर केली, त्याला हा आवाज माहीत होता. "गेल्या महिन्यात, पहाटे पाच वाजता. हिचे ओठ निळे पडले होते. हे डेअरीवर. तुमच्या निघायला अर्धा तास होता. मी कोणाला हाक मारली का? मी या खिळ्यावरची किल्ली घेतली. चाळीस किलोमीटर. एक हात स्टिअरिंगवर आणि एक हिच्या छातीवर. रुग्णालयाच्या दारात नर्सने पोर माझ्या हातातून घेतलं, तेव्हा गाडी चालूच होती. नंतर बंद केली, पण दिवे राहिले. बॅटरी उतरली. म्हणून तुम्हाला दिवसभर गाडी मिळाली नाही. तुमचा खाडा पडला. पडला ना?"

थोरल्याने नखातली भुकटी कोरायला घेतली.

"तुम्ही त्याबद्दल आजपर्यंत एक शब्द काढला नाहीत. मी वाट बघत होते. आज काढाल, उद्या काढाल. नाही काढलात. मी मनात म्हटलं, या घरात असा एक खिळा आहे, म्हणून माझी पोर जिवंत आहे. आणि आज दोन वेळच्या डिझेलसाठी तुम्ही मला त्या खिळ्यावरून उतरवताय. माझं नाव नसताना मी पुन्हा तशी पळाले आणि वाटेत कोणाला धडक बसली, तर कंपनी म्हणेल, ही कोण? आम्ही ओळखत नाही. मग घर विकायचं, का मला?"

"कोणी तसं म्हणालं नाही," थोरला पुटपुटला.

"आई म्हणाल्या. तुम्ही मान हलवलीत. ताईंनी अर्धं वाक्य सोडून दिलं."

नणंदेचा चेहरा लाल झाला. ती फटकन म्हणाली, "माझी खूण काढून बघ. काढ. बघू तरी."

सुनेने स्वतःची खूण पुन्हा लावली, नणंदेची काढली. जरा बरा फरक पडला. पाळीत काम करणाऱ्यांना, उशिरा परतणाऱ्यांना जास्त. थोरल्याची काढली. त्याहून बरा. व्यवसायाच्या रकान्यात 'खाणकामगार' होतं.

"म्हणजे जो जास्त मरमर करतो, त्याला जास्त," नणंद म्हणाली. "घरी झोपून राहणाऱ्याला सवलत. मस्त न्याय आहे."

"पण हे सगळं मिळूनही दुप्पट होत नाही." सून पुन्हा पत्राकडे वळली होती. काहीतरी तिला टोचत होतं. ती घरातल्यांची तोंडं जशी वाचायची तसंच पत्र वाचायची: काय म्हटलंय त्याआधी काय गाळलंय. आकड्याच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. चार दिवस तिने ती नुसती नियमांची ओळ समजून सोडली होती.

"'सदर बदल आपल्याशी दिनांक सोळा रोजी दूरध्वनीवर झालेल्या संभाषणाच्या आधारे करण्यात आला आहे.'"

"सोळाला कोण बोललं?" थोरल्याने विचारलं.

"सोळा म्हणजे मागच्या आठवड्यातला बुधवार. मी हिला घेऊन दवाखान्यात होते. यांच्यासोबत, दूधगाडीतून गेलो."

"मी पाळीवर. डबल केली होती त्या दिवशी," नणंद म्हणाली.

"मी खाणीवर."

सगळे आईंकडे वळले. आई दचकल्या. "मला तो मोबाइल उचलता येतो का? हिरवं दाबायचं की लाल, तेच मला अजून..."

मागच्या पडवीतून एवढा वेळ पान्यांचे आवाज येत होते. ते बंद झाल्याचं सुनेच्या लक्षात आलं.

*

मिस्त्री दारात उभे होते. हात पुसायचं फडकं बोटांत गुंडाळत होते. सत्तरी उलटली होती, पण अजून हाताने नट सैल करत.

चार दिवस ते पडवीतच होते. जेवायला आत येत आणि मीठ मागत नसत.

त्या बुधवारी त्यांनी गाडी घरीच ठेवून घेतली होती, थोरला आणि नणंद दुसऱ्यांच्या गाडीवरून कामाला गेले होते, आणि ते गाडीखाली पडून तेल बदलत होते. मोबाइल वाजला. विमा कंपनीतल्या पोरीचा आवाज गोड होता. काका, दोन मिनिटं आहेत का? गाडीबद्दल थोडं बोलायचं होतं. गाडीबद्दल! कित्येक वर्षांत त्यांच्याशी गाडीबद्दल कोणी बोललं नव्हतं. ते तेलकट हातांनी तसेच चाकाला टेकून बसले आणि बोलत राहिले. दोन गाड्यांची एक कशी केली. पांढरा दरवाजा का पांढराच ठेवला. गाडी कोण चालवतं, काका? घरातले सगळे. अडल्यानडल्या शेजाऱ्यालासुद्धा देतो. मग किल्ली कोणाकडे असते? कोणाकडेच नाही, बाळ. खिळ्यावर असते. ज्याला गरज त्याने घ्यायची. म्हणजे कोणीही घेऊ शकतं? कोणीही!

हे 'कोणीही' त्यांनी केवढ्या तोऱ्यात म्हटलं होतं. पोरगी म्हणाली होती, 'फारच छान, काका.'

चार दिवस ते 'फारच छान' त्यांच्या कानात खिळ्यासारखं रुतून बसलं होतं.

"मी बोललो," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"बाबा!" थोरला उठला, खुर्ची मागे पडली. "चार दिवस! चार दिवस तुम्ही आम्हाला एकमेकांचे गळे धरू दिलेत! मी समजत होतो, माझ्या त्या दोघांना नेतो म्हणून..."

"कोणत्या दोघांना?" आईंनी विचारलं.

"आणि मी समजत होते फाटकाच्या खांबामुळे," नणंद म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"कुठला खांब?" थोरला गर्रकन वळला.

"आता खांब काढू नका मध्येच!" धाकटा ओरडला. मांडीवरची मुलगी एकदम रडायला लागली, कारण बाबा ओरडलेला तिने कधी ऐकला नव्हता. सुनेचा हात आपोआप तिच्या पाठीकडे गेला. बत्तीस. रडण्याचे.

"तुम्ही एवढं कसं कोणालाही सांगता?" थोरला वडिलांना म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "गोड बोलली की सगळं घर उघडं करून द्यायचं?"

"खोटं बोलायला पाहिजे होतं का?"

"हो! एकदा तरी! आयुष्यात एकदा!"

मिस्त्री फडक्याकडे बघत राहिले. "तिने विचारलं, मी सांगितलं. चांगली गोष्ट होती म्हणून सांगितली. चांगली गोष्ट सांगितल्यावर दंड बसतो, हे मला कोणी शिकवलं नाही." ते एकदम सुनेकडे वळले. "माझं नाव काढून बघ, पोरी."

"बाबा, तुमचंच नाव तर तेरा वर्षं..."

"काढून बघ."

तिने खूण काढली. आकडा लुकलुकला आणि धाडकन खाली आला. थोरल्याने मोबाइल तिच्या हातातून घेऊन पाहिला, परत दिला.

तेरा वर्षं सगळे समजत होते की मिस्त्रींचं स्वच्छ नाव आहे म्हणून विमा स्वस्त पडतो. सत्तरीच्या पुढे तेच नाव घरातलं सगळ्यात महाग झालं होतं.

"अजून गेल्या वर्षीपेक्षा बरंच जास्त आहे," धाकटा म्हणाला. "मुख्य चालक कोण, ते विचारतंय आता."

"मला टाक," थोरला म्हणाला. "सगळ्यात जास्त मीच चालवतो. लायसन्सला बावीस वर्षं झाली."

टाकलं. आकडा उडी मारून वर गेला. नणंदेला टाकलं, थोडा खाली. मग धाकट्याने, कोणी काही म्हणायच्या आत, बायकोचं नाव टाकलं. शिक्षण: पदवीधर. व्यवसाय: गृहिणी. वापर: घरगुती.

आकडा गेल्या वर्षीच्या जवळपास येऊन थांबला. थोडा जास्त, पण भरता येईल असा.

मग थोरला हसला. ते हसू ऐकायला बरं नव्हतं.

"तीन वर्षांचं लायसन्स, आणि माझं बावीस वर्षांचं. पण तुम्ही पुस्तकं वाचलीत. मी दगड फोडतो. म्हणून माझ्या हातात गाडी धोक्याची, तुमच्या हातात सुरक्षित. असं आहे होय! दगड कोणासाठी फोडतो आम्ही? त्यांच्याच डांबरी रस्त्यांसाठी! घटकाभरापूर्वी मी तुम्हाला काढत होतो ना, मास्तरीणबाई? घ्या. आता तुम्हीच मालकीण."

"मला मालकीण व्हायचं नाहीय."

"मला तरी अनियंत्रित व्हायचं होतं का?"

तिला त्याचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता. राग त्याच्या खांद्यावरून पलीकडे जात होता, कुठल्यातरी थंड खोलीकडे, जिथे कोणीतरी हे रकाने आखले होते आणि कच्च्या रस्त्यापुढे, रात्रपाळीपुढे, खाणीपुढे एकेक आकडा लिहून घरी जेवायला गेलं होतं.

शेवटच्या पानावर एक चौकट होती. ती तिने मोठ्याने वाचली, कारण वाचणं तिचं काम होतं: "'मी जाहीर करते की वाहनाची किल्ली केवळ मुख्य चालकाच्या ताब्यात राहील व इतर नोंदलेले चालक तिच्या परवानगीनेच वाहन वापरतील.'"

"लिहून टाक," थोरला म्हणाला. "लिहायला काय जातंय? खिळा बघायला येणार आहेत का ते?"

तिने बोट पुढे नेलं आणि थांबवलं. मिस्त्री जवळ आले. त्यांनी आपलं जाड, काळं बोट काचेवर टेकवलं. काचेला ते कळलं नाही. त्यांनी फडक्याने पुसून पुन्हा टेकवलं. या वेळी चौकटीत खूण उमटली.

मग ते पडवीत गेले आणि पक्कड घेऊन आले.

"अहो, काय करताय?" आई स्टुलावरून उठल्या.

"बाबा, नुसतं लिहायचं असतं ते," नणंद म्हणाली. "कोणी खरं करत नाही."

"मी फोनवर खरं बोललो, म्हणून तुम्ही मला बोललात. बरोबर बोललात. आता लिहिलंय ते खोटं ठरलं, तर उद्या एखादा अपघात झाल्यावर हीच माणसं म्हणतील, तुमच्याकडे खिळा होता. त्या पोरीकडे माझा आवाज आहे. रेकॉर्ड केलाय." त्यांनी किल्ली काढून सुनेच्या तळहातावर ठेवली. मग खिळ्याला पक्कड लावली. तो तेरा वर्षं भिंतीत बसला होता. चटकन निघाला नाही. त्यांनी दात आवळले, दोन्ही हातांनी पिळला. शेवटी तो कुरकुरत आला, सोबत बोटभर चुना आईंच्या लोकरीवर सांडला.

खिळा त्यांनी खिशात घातला आणि मागे न बघता पडवीत गेले. थोड्या वेळाने पान्यांचे आवाज पुन्हा सुरू झाले. जी गाडी आता त्यांना चालवायची नव्हती, तिचंच काहीतरी ते घट्ट करत होते.

"आता मला बहिणीकडे जायचं झालं तर कोणाला सांगायचं?" आईंनी चुना झटकत विचारलं.

*

हप्ता भरून झाला होता. साडेतीन वाजले तशी नणंद तयार होऊन बाहेर आली. निळा गणवेश, मनगटांवर पट्ट्या, खांद्याला डबा. दुपारचं सगळं तिच्या डोक्यातून गेलं होतं किंवा तिने घालवलं होतं. चारला वॉर्डात नसली की पगार कापला जाई. चपला घालता घालता, नेहमीसारखं न बघता, तिने उजवा हात चौकटीच्या बाजूला नेला.

बोटं भोकात गेली.

तिने हात मागे घेतला. बोटांच्या टोकाला पांढरा चुना लागला होता. तिने तो गणवेशाला पुसला नाही. तशीच उभी राहिली.

सून टेबलाशी बसली होती. मुलगी मांडीवर झोपली होती. चोवीस. किल्ली तिने घट्ट धरून ठेवली होती, इतका वेळ की ती अंगासारखी गरम झाली होती. ठेवायची कुठे, हेच तिला सुचलं नव्हतं. पर्समध्ये? उशीखाली? या घरात किल्ली लपवायची जागाच नव्हती.

पलीकडे खाटेवर थोरला भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला नव्हता. पहाटे साडेपाचला त्यालाही तेच करावं लागणार होतं.

नणंद दारातून वळली. मग परक्याच्या घरात पाणी मागावं तशा आवाजात म्हणाली,

"वहिनी... किल्ली देतेस?"

तेरा वर्षांत या घरात ते वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. सुनेने हात पुढे केला, मूठ उघडली. तळहातावर किल्लीचे दाते उमटले होते, लाल, खोल. नणंदेने किल्ली उचलली, मान खाली घातली आणि म्हणाली,

"थँक्यू हं."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सुनेने मोबाइल ओढून घेतला. पानावर सगळ्यात खाली, हप्ता भरल्याच्या पावतीनंतर, कंपनीने एक रिकामी चौकट ठेवली होती: 'आपला अनुभव कसा वाटला?'

झोपलेल्या मुलीला धक्का लागणार नाही अशा बेताने ती एका बोटाने लिहायला लागली.